केटामाइननंतर मुलाचा श्वास अडकला, पण ही ॲलर्जी नाही

एका आईचा प्रश्न आहे. सहा वर्षांचा मुलगा झोपाळ्यावरून पडला आणि मनगटाच्या जरा वरचं हाड मोडून वाकलं. इमर्जन्सी विभागात हाड बसवण्यासाठी त्याला केटामाइनचं गुंगीचं इंजेक्शन दिलं. काही मिनिटांत त्याच्या घशातून चिरका, ओढल्यासारखा आवाज आला. मग तो आवाजही थांबला आणि मॉनिटर वाजायला लागला. डॉक्टरांनी दोन्ही कानांमागे जोरात दाबलं, मास्क घट्ट धरला, आणि मिनिटभरात श्वास सुटला. जागा होताना मात्र तो बराच वेळ किंचाळत होता, आईलाही ओळखत नव्हता. दुसऱ्या दिवसापासून तो नेहमीसारखा खेळतोय, बोलतोय. डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘केटामाइन ॲलर्जी’ एवढंच लिहिलंय. आई विचारते: मेंदूला इजा झाली असेल का? हे औषध आता जन्मभर बंद का? दुसऱ्या औषधांनीही असं होतं का? आणि प्लास्टर काढताना पुन्हा गुंगी द्यावी लागेल का?

ताई, मेंदूच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण रात्री झोप उडवणारा प्रश्न तोच असणार. ऑक्सिजनचा तुटवडा काही मिनिटं तसाच चालू राहिला आणि त्यामुळे हृदयाचे ठोकेही मंदावले, तर मेंदूला धोका असतो. मिनिटभरात श्वास परत आला, मूल दुसऱ्या दिवसापासून पूर्वीसारखं बोलतंय-चालतंय, तर इजेची भीती बाळगण्याचं कारण मला दिसत नाही. मी त्याचा केसपेपर पाहिलेला नाही. त्यामुळे ऑक्सिजनचं प्रमाण किती खाली गेलं आणि किती वेळ खाली राहिलं, हे तिथल्या डॉक्टरांना विचारून घ्या. तो आकडा विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दुसरी गोष्ट, तुम्ही लिहिलंय त्यावरून ही ॲलर्जी वाटत नाही. तुमच्या मुलाला दोन वेगवेगळ्या गोष्टी झाल्या. श्वास अडकला तो लॅरिंगोस्पाझम, म्हणजे स्वरतंतू अचानक घट्ट मिटून बसणं, आणि नंतरचा आक्रोश म्हणजे गुंगीतून बाहेर येतानाचा गोंधळ. दोन्ही केटामाइनचे माहीत असलेले परिणाम आहेत. पहिला दुर्मीळ आहे, दुसरा तितका दुर्मीळ नाही. दोन्हींसाठी तयारी ठेवता येते, आणि तुमच्या वर्णनावरून तिथल्या लोकांनी ती ठेवली होती.

केटामाइन इतर गुंगीच्या औषधांपेक्षा वेगळ्या जातीचं आहे. मिडाझोलाम किंवा प्रोपोफॉल दिलं की माणूस झोपेकडे जातो, आणि डोस वाढेल तसा श्वास उथळ होतो, रक्तदाब उतरतो. केटामाइन मेंदूच्या पेशींवरचे एनएमडीए नावाचे ग्राही, म्हणजे संदेश झेलणारे रेणू, अडवतं. शरीराकडून निघालेली वेदना जाणिवेपर्यंत पोहोचतच नाही. मुलाचे डोळे उघडे असतात, बुबुळं हलकेच थरथरतात, श्वास चालू असतो, रक्तदाब टिकून असतो आणि घशाचे रिफ्लेक्स, म्हणजे खोकल्यासारख्या आपोआप होणाऱ्या प्रतिक्रिया, शाबूत असतात. कॅल्विन स्टीव्हन्स यांनी १९६२ साली पार्क-डेव्हिस कंपनीसाठी हे औषध तयार केलं. १९६४ मध्ये ते पहिल्यांदा माणसांना दिलं गेलं, १९७० मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली आणि व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांवर ते वापरलं गेलं. जिथे भूलतज्ज्ञ हाताशी नाही, तिथेही जपून वापरता येईल असं औषध म्हणून जगभर त्याला मान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे.

या औषधाचा मोठा गुण म्हणजे घशाचे रिफ्लेक्स जागे राहतात. लॅरिंगोस्पाझमचं मूळही नेमकं त्यातच आहे.

आपले स्वरतंतू काम करतात ते श्वासनलिकेच्या तोंडावरच्या दोन फाटकांचं. पाण्याचा थेंब चुकीच्या वाटेला गेला की ती झटकन मिटतात, खोकला येतो आणि पुन्हा उघडतात. केटामाइनने लाळ वाढते. त्या लाळेचा थेंब किंवा सर्दीचा चिकट स्राव स्वरतंतूंवर पडला, किंवा तोंडात आत खोलवर सक्शनची नळी गेली, तर हा रिफ्लेक्स चाळवतो. गुंगीत असलेल्या मुलात तो कधीकधी मिटलेल्या अवस्थेतच अडकून बसतो. तंतू अर्धवट मिटले असतील तर तुम्ही ऐकलात तसा चिरका आवाज येतो. पूर्ण मिटले की आवाज येत नाही. नवख्या माणसाला ही शांतता बरी वाटते, पण धोका तेव्हा वाढलेला असतो. छाती वर उचलली जाते, पोट आत ओढलं जातं, बरगड्यांमधली त्वचा खेचली जाते, मूल श्वास घेण्याचा जिवापाड प्रयत्न करतं, आणि मास्कमध्ये मात्र हवेची हालचाल शून्य.

हे किती जणांना होतं? इमर्जन्सी विभागातल्या मुलांवरच्या ३२ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ८,२८२ मुलं होती. श्वासाची कुठलीही अडचण ३.९ टक्के मुलांना आली, श्वास काही काळ थांबण्याचा प्रकार ०.८ टक्के मुलांत झाला, आणि लॅरिंगोस्पाझम ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. श्वासाची अडचण दोन वर्षांखालच्या आणि तेरा वर्षांवरच्या मुलांत जास्त दिसली, आणि शिरेतून मोठा डोस दिलेल्यांत जास्त दिसली. त्याच आकडेवारीतली एक गोष्ट आपल्याकडच्या डॉक्टरांनी मुद्दाम वाचावी. लाळ कमी व्हावी म्हणून केटामाइनबरोबर ॲट्रोपीन किंवा ग्लायकोपायरोलेट देण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. ज्या मुलांना अशी औषधं दिली होती, त्यांच्यात श्वासाच्या अडचणी कमी नव्हत्या, उलट जास्त होत्या. यावरून ते औषध दोषी ठरत नाही, पण सरसकट सगळ्यांना देण्याला आधार उरत नाही. मी ते सवयीने देत नाही.

आता डॉक्टरांनी कानामागे का दाबलं ते सांगते, कारण बाहेरून पाहणाऱ्या आईला तो प्रकार अघोरी वाटू शकतो. कानाच्या पाळीमागे, जबड्याची उभी कड आणि कानामागचं उंचवट्याचं हाड यांच्यामध्ये एक खाच असते. दोन्ही बाजूंच्या खाचांत मधल्या बोटांनी आत आणि कवटीच्या तळाकडे जोरात दाबायचं, आणि त्याच वेळी जबडा पुढे उचलायचा. अमेरिकेतले भूलतज्ज्ञ फिलिप लार्सन यांनी १९९८ मध्ये याबद्दल लिहिलं, म्हणून याला लार्सनची युक्ती म्हणतात. तिथे दाबल्यावर भयंकर दुखतं. त्या दुखण्यामुळे आणि जबडा उचलल्यामुळे बऱ्याचदा तंतू सैल होतात. बरोबरीने शंभर टक्के ऑक्सिजनचा मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवून सतत हलका दाब ठेवायचा. पिशवी जोरजोराने दाबायची नाही, कारण तंतू मिटलेले असताना जोराने ढकललेली हवा पोटात जाते, पोट फुगतं, मूल ओकतं आणि संकट दुप्पट होतं. एवढ्याने सुटलं नाही तर प्रोपोफॉलचा छोटा डोस देऊन गुंगी खोल करायची. तरीही नाही सुटलं तर सक्सामिथोनियम देऊन स्नायू पूर्ण सैल करायचे आणि मग श्वास आपण द्यायचा. शीर हाती नसेल तर सक्सामिथोनियम स्नायूतूनही देता येतं. केटामाइन भरण्याआधी ही औषधं ट्रेमध्ये हवीत आणि त्यांचा डोस मुलाच्या वजनानुसार कागदावर मांडलेला हवा. ऐनवेळी कपाटाची किल्ली शोधायला वेळ नसतो. मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसाच्या जवळपास दुप्पट ऑक्सिजन खर्च करतं आणि त्याच्या फुप्फुसातला साठाही तोकडा असतो.

सक्सामिथोनियमवरून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिचा संबंध आपल्या भागाशी आहे. रक्तातलं ब्यूटिरिलकोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम हे औषध काही मिनिटांत मोडून टाकतं. काही घराण्यांत हे एन्झाइम जन्मतःच जवळपास नसतं, आणि मग पाच-दहा मिनिटं टिकणारा परिणाम तासन्‌तास टिकतो. आर्य वैश्य समाजात हे प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असल्याचं भारतातल्या संशोधनात दिसलंय, आणि मराठवाडा-विदर्भात, विशेषतः तेलंगणालगतच्या जिल्ह्यांत, हा समाज मोठ्या संख्येने आहे. ‘ऑपरेशननंतर काकांना खूप वेळ व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं होतं’ असं घरात कुणी सांगत असेल, तर ती गोष्ट भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर नक्की घाला. अशा वेळी रुग्णाला गुंगीत ठेवून औषधाचा परिणाम संपेपर्यंत व्हेंटिलेटर द्यायचा असतो. रुग्ण पूर्ण बरा होतो.

तुमच्या मुलाच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं काम त्या माणसाने केलं, जो हाडाकडे न पाहता फक्त त्याच्या चेहऱ्याकडे आणि मॉनिटरकडे पाहत होता. गुंगी देणारा एक आणि हाड बसवणारा दुसरा, ही वाटणी मोडली की दुर्मीळ गोष्ट जीवघेणी होते. गावाकडच्या रुग्णालयात एकटा डॉक्टर असतो, मला ठाऊक आहे. तरीही एक प्रशिक्षित सिस्टर फक्त श्वास पाहायला उभी राहू शकत नसेल, तर हाड स्प्लिंटमध्ये बांधून, वेदनाशामक देऊन रुग्ण पुढे पाठवणं मला जास्त पटतं.

बोटाला लावतात तो ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन दाखवतो, पण उशिरा. बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ श्वास थांबताक्षणी सपाट रेषा दाखवतो. प्रोपोफॉल दिलेल्या १३२ मोठ्या माणसांवरचा २०१० मधला एक अभ्यास आहे. कॅप्नोग्राफ पाहणाऱ्या गटात ऑक्सिजन घसरण्याचं प्रमाण २५ टक्के होतं, न पाहणाऱ्या गटात ४२ टक्के. ऑक्सिजन घसरण्याच्या साधारण मिनिटभर आधीच कॅप्नोग्राफवर इशारा दिसला होता. ते एक मिनिट फार मोलाचं असतं. रुग्णालयासाठी उपकरणं मागताना ज्यांचा शब्द चालतो त्यांनी कॅप्नोग्राफ यादीत वर ठेवावा, असं मी कळकळीने सांगते.

आता जागं होतानाच्या आक्रोशाबद्दल. केटामाइन उतरताना जाणीव एकदम परत येत नाही, तुकड्यातुकड्यांनी येते. आवाज ऐकू येतो पण अर्थ लागत नाही. आईचा चेहरा दिसतो पण ओळख पटत नाही. वर सांगितलेल्या ३२ अभ्यासांच्याच आकडेवारीत ७.६ टक्के मुलांना असा गोंधळ झाला, आणि उपचार करावे लागावेत इतका तीव्र १.४ टक्के मुलांना. मुलांना आधीपासून मिडाझोलाम देऊन हे फारसं टळत नाही. मोठ्या माणसांत मात्र त्याचा थोडा उपयोग होतो. खरा उपयोग होतो तो शांततेचा. दिवे मंद, एकच ओळखीचा आवाज, हात-पाय आवळून न धरणं, सारखं हलवून ‘बाळा उठ, बाळा उठ’ न करणं. गुंगी चढण्याआधी मुलाला आवडीच्या गोष्टीबद्दल बोलतं ठेवलं तर जागं होणंही बरंचसं सुखाचं होतं, असा माझा अनुभव आहे. पुढच्या काही रात्री तो दचकून उठला तर जवळ घ्या. महिनाभराने तसंच चालू राहिलं तर बालरोगतज्ज्ञांना सांगा.

यामुळेच ‘केटामाइन ॲलर्जी’ या नोंदीचा मला राग येतो. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण ती नोंद मुलाचं नुकसान करेल. खरी तीव्र ॲलर्जी वेगळी दिसते. अंगावर गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, छातीत घरघर होते, रक्तदाब कोसळतो. त्यावर उपचार ॲड्रेनालिन हा आहे. अशी शंका असेल तर पहिल्या काही तासांत रक्तातलं ट्रिप्टेज, म्हणजे तीव्र ॲलर्जीत वाढणारं एन्झाइम, तपासतात आणि दिवसाभराने पुन्हा तपासून तुलना करतात. ऑपरेशन थिएटरमधल्या तीव्र ॲलर्जींच्या ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत सर्वांत वरचं कारण अँटिबायोटिक्स निघालं आणि त्याखालोखाल स्नायू सैल करणारी औषधं. केटामाइनची खरी ॲलर्जी अत्यंत विरळा. उद्या हाच मुलगा अपघातात सापडला, रक्तस्राव होऊन रक्तदाब उतरलेला असला, तर त्याच्यासाठी सगळ्यात सुरक्षित औषध बहुधा केटामाइनच असेल, आणि कार्डावरच्या त्या दोन शब्दांमुळे ते बाजूला ठेवलं जाईल. भारतात २०१३ च्या अखेरीपासून केटामाइन शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत, आहे. त्याची खरेदी, साठा, नोंदी सगळं कडक आहे, आणि छोट्या रुग्णालयांत ते आधीच सहज हाताशी नसतं. त्यात चुकीची नोंद असली की मूल चौघांनी दाबून धरून हाड बसवलं जातं. ते मला बघवत नाही.

बाकीच्या औषधांबद्दल तुम्ही विचारलंत. हो, प्रत्येकाचं काही ना काही विचित्र वागणं आहे.

मिडाझोलामने बहुतेक लोक शांत होतात, पण थोडे जण उलटे भडकतात. मूल रडत सुटतं, आजोबा नळ्या उपटायला लागतात, रोज दारू घेणारा माणूस मारायला उठतो. इथे एक सापळा आहे. डोस कमी पडला असं वाटून आणखी मिडाझोलाम दिलं जातं, आणि शेवटी श्वास थांबतो. म्हणून गुंगी दिलेला माणूस अस्वस्थ झाला की पहिला प्रश्न ऑक्सिजनचा. ऑक्सिजन कमी पडणारा माणूसही असाच धडपडतो. ते तपासून झालं, दुखत नाही, लघवी तुंबलेली नाही, आणि तरीही तो उसळतोय, तर औषध थांबवून वाट पाहायची. गरजच पडली तर फ्लुमाझेनिल हा उतारा आहे, पण त्याचा परिणाम मिडाझोलामच्या आधीच ओसरतो, त्यामुळे रुग्ण पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. झोपेच्या गोळ्यांची रोजची सवय असलेल्याला किंवा नैराश्याच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या जास्त खाल्लेल्याला तो दिला तर फिट येऊ शकते. मिडाझोलामला १९८५ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, तेव्हा डायझेपाम या त्याच जातीच्या जुन्या औषधाच्या बेताने डोस दिले गेले. ते जास्त होते, श्वास थांबून माणसं दगावली, आणि मग डोस कमी करून वेष्टणावर चौकटीतला इशारा छापावा लागला.

हॅलोपेरिडॉलचा प्रकार बघणाऱ्याला सगळ्यात भीतीदायक वाटतो, आणि उपचार मात्र सगळ्यात सोपा. हिंसक झालेल्या किंवा भ्रमात गेलेल्या रुग्णाला शांत करायला ते देतात. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, त्याची मान एका बाजूला पिळवटते, जबडा अडकतो, जीभ बाहेर येते, डोळे वर जाऊन तिथेच थांबतात. माणूस पूर्ण शुद्धीत असतो आणि घाबरून गेलेला असतो. याला डिस्टोनिया म्हणतात. उलटीसाठी देतात त्या मेटोक्लोप्रामाइडनेही तरुण मुलामुलींत हेच होतं. आपल्याकडे हे दृश्य मी अनेकदा पाहिलंय. कॉलेजातली मुलगी, काल उलट्यांसाठी इंजेक्शन घेतलेलं, आज मान वाकडी आणि डोळे पांढरे. घरच्यांनी आधी देवर्षीकडे नेलेलं असतं, कपाळाला अंगारा असतो. फेनर्गन म्हणून ओळखलं जाणारं प्रोमेथाझीन स्नायूतून दिलं की बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत मान सरळ होते आणि ती बोलायला लागते. घरच्यांना रागावू नका. औषधाचं नाव कागदावर लिहून द्या आणि ते पुन्हा घ्यायचं नाही एवढं समजावून सांगा. क्वचित हाच ताठरपणा स्वरयंत्राच्या स्नायूंत येतो. श्वासाला घरघर लागली की ती घाई करण्याची वेळ असते.

या विषयात आपल्या देशातलं काम अभिमानाने सांगावं असं आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये २०० आक्रमक रुग्णांवर लोराझेपाम आणि हॅलोपेरिडॉल-प्रोमेथाझीनची जोडी यांची तुलना झाली, ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. जोडी जास्त लवकर झोप आणते असं दिसलं. ब्राझीलच्या रिओमध्ये पुढे हॅलोपेरिडॉल एकटं आणि प्रोमेथाझीनसह अशी तुलना झाली, ३१६ रुग्णांवर. एकटं हॅलोपेरिडॉल मिळालेल्या गटात दहा जणांना तीव्र डिस्टोनिया झाला, जोडी मिळालेल्यांत एकालाही नाही. अभ्यास मुदतीआधी थांबवला गेला. इतकं स्पष्ट उत्तर वैद्यकात क्वचित मिळतं, त्यामुळे तरुण रुग्णाला हॅलोपेरिडॉल एकटं देण्याचं समर्थन मला करता येत नाही. प्रोमेथाझीन मात्र स्नायूत खोलवर द्यावं. शिरेतून देताना ते धमनीत किंवा शिरेबाहेर गेलं तर बोटं, हात काळे पडून कापावे लागल्याची प्रकरणं आहेत, आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याबद्दल चौकटीतला इशारा दिला. दोन वर्षांखालच्या मुलांना तर ते देऊच नये.

फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक भरभर आणि मोठ्या डोसात दिलं तर छातीचे स्नायू लाकडासारखे ताठ होतात, पिशवी दाबली तरी हवा आत जात नाही. नालोक्सोन हा त्याचा उतारा किंवा स्नायू सैल करणारं औषध हा उपाय. सावकाश दिलं तर हे सहसा होत नाही. एटोमिडेट या भुलीच्या औषधाने अंगाला झटके येतात, ते फिट नसते. एका डोसानेही कॉर्टिसॉल, म्हणजे आजारपणाच्या ताणात शरीराला सावरणारं हॉर्मोन, तयार होणं काही तास मंदावतं. प्रोपोफॉलने श्वास थांबणं आणि रक्तदाब उतरणं हे दुर्मीळ नाहीच, ते गृहीत धरूनच ते द्यायचं असतं. अंड्याची ॲलर्जी असलेल्यांना ते चालत नाही हा समज मात्र सोडून द्या. त्यात अंड्याच्या बलकातलं लेसिथिन असतं, आणि अंड्याची ॲलर्जी सहसा पांढऱ्या भागातल्या प्रथिनांची असते.

‘दुर्मीळ रिॲक्शन’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याच प्रसंगांत वजनाचा अंदाज, कुपीतली तीव्रता आणि इंजेक्शनचा वेग यांपैकी काहीतरी चुकलेलं असतं. केटामाइनची कुपी मिलिलिटरला १० मिलिग्रॅमचीही मिळते आणि ५० चीही. मिडाझोलाम १ चं आणि ५ चं. घाईत लेबल न वाचता भरलं की पाचपट डोस जातो. शिरेतलं केटामाइन अर्ध्या ते एक मिनिटात सावकाश द्यायचं असतं. एका झटक्यात दिलं की श्वास थांबू शकतो. अमेरिकेत कोलोराडोतल्या ऑरोरा शहरात २०१९ मध्ये पोलिसांनी जमिनीवर दाबून धरलेल्या २३ वर्षांच्या एका तरुणाला पॅरामेडिक्सनी ५०० मिलिग्रॅम केटामाइन दिलं. त्याचं वजन सुमारे ६५ किलो होतं. तिथल्या नियमाप्रमाणे किलोला ५ मिलिग्रॅम धरले तरी सव्वातीनशेच्या आसपास झाले असते. त्याचं हृदय थांबलं आणि काही दिवसांनी तो गेला. शवचिकित्सेच्या सुधारित अहवालात बळजबरीने दाबून धरल्यानंतर दिलेलं केटामाइन हे कारण नोंदवलं गेलं, आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये दोन पॅरामेडिक्स दोषी ठरले. त्या तरुणाला गुंगी दिली, तेव्हा त्याच्या श्वासाकडे कुणी नीट लक्ष दिलं नाही. पालथं पाडून, पाठीवर गुडघा ठेवून धरलेल्या माणसाला कुठलंही गुंगीचं औषध देणं धोक्याचंच.

आता तुम्ही काय करायचं. त्याच रुग्णालयात जा आणि डिस्चार्ज कार्डावरची नोंद दुरुस्त करून मागा. नम्रपणे मागा, पण मागा. कार्डावर एवढं यावं: औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, शिरेतून की स्नायूतून, किती मिनिटांनी काय झालं, ऑक्सिजन किती खाली गेला, काय केल्यावर श्वास सुटला, अंगावर पुरळ किंवा सूज होती का, आणि त्या दिवशी सर्दी होती का. ‘लॅरिंगोस्पाझम, दाबाच्या ऑक्सिजनने बरा, ॲलर्जीची लक्षणं नाहीत’ एवढी एक ओळ पुढच्या प्रत्येक डॉक्टरला पुरेशी आहे. कार्डाचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनवर ठेवा. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्णाच्या घरचेही करू शकतात. भारताचा फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून चालतो आणि त्याचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे.

पुढे कधी गुंगी किंवा भूल द्यायची वेळ आली तर हा प्रसंग आधीच सांगा. तातडीचं नसेल आणि मुलाला सर्दी-खोकला असेल, तर भूलतज्ज्ञांशी बोलून काही आठवडे थांबा. सर्दीनंतर श्वासमार्ग बराच काळ चिडलेला राहतो. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर मुलाजवळ ओढणं बंद करायला लावा. आजूबाजूच्या धुरात वाढणाऱ्या मुलांत लॅरिंगोस्पाझम जास्त दिसतो. केटामाइन पुन्हा द्यायचं की दुसरं काही, हे त्या वेळच्या डॉक्टरांवर सोडा. नोंद नीट असेल तर तयारीने पुन्हा केटामाइन देण्याला माझी हरकत नाही.

राहिला प्लास्टरचा प्रश्न. प्लास्टर काढायला गुंगी लागत नाही. ते कापणारं यंत्र गोल फिरत नाही, पुढेमागे थरथरतं. त्यामुळे कडक प्लास्टर चिरतं आणि आतल्या कापसाखालची मऊ त्वचा सहसा वाचते. फक्त आवाज मोठा असतो आणि जरा गरम लागतं. ऑर्थोपेडिक विभागातल्या माणसाला ते यंत्र आधी स्वतःच्या तळहातावर टेकवून दाखवायला सांगा. बहुतेक जण आनंदाने दाखवतात, आणि सहा वर्षांच्या मुलाला मग ते स्वतःच्या हाताला लावून बघायचं असतं.